मुलाशी बोलायचं राहून जातं

आई-बाबांनो, मुलीच्या काळजीने तुम्ही शाळेत येता, तासन्‌तास बोलता. आज मला तुमच्या मुलाबद्दल बोलायचंय.

नववी-दहावीला मराठी शिकवण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षं गेली. मुलीच्या वहीत बदाम आणि त्यातून गेलेला बाण सापडला, की आई दुसऱ्या दिवशी हजर. मोबाइल काढून घेतला जातो, क्लासला सोडायला भाऊ जायला लागतो. तेच चित्र मुलाच्या वहीत निघालं, तर ‘वयच आहे’ म्हणून वही मिटली जाते, फार तर काका-मामा चार दिवस चिडवतात. मुलीला ओरडा तरी मिळतो. मुलाला काहीच मिळत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

झुरणं, वाट पाहणं, हळवं होणं हे बायकांचं, असं आपण धरूनच चालतो. पण हे सगळं लिहिलंय कुणी? सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली ‘गाथा सप्तशती’ आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेतली, महाराष्ट्री प्राकृतातली. त्या सुमारे सातशे गाथांत कितीतरी ठिकाणी बाई बोलते, सखीपाशी मन मोकळं करते. रचणारे मात्र बहुतेक पुरुष. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांमध्ये विठ्ठलासाठी व्याकूळ झालेली विरहिणी आहे. पेशवाईत रामजोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्यांतून सख्याला आळवणारी नार उभी राहिली. नाटकात तर बाईचा देहही पुरुषानेच घेतला. बालगंधर्व १९११ साली ‘मानापमान’मधली भामिनी झाले, १९१९ साली ‘एकच प्याला’मधली सिंधू झाले, आणि घरंदाज बायका त्यांचं नेसणं, केसांतला गजरा पाहून तसं करू लागल्या. मला हे वर्गात शिकवताना दर वेळी गलबलून येतं. ही सगळी हुरहूर पुरुषाच्या काळजातलीच होती ना! ती बोलून दाखवायला त्याला बाईचा आवाज का लागावा?

आणि खरोखरची बाई बोलली तेव्हा काय झालं? १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनातली प्रेमाची भूक त्या कथांत होती. केवढं वादळ उठलं! लेखिकेने आधीच विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घेतलं होतं. त्या म्हणजे मालतीबाई बेडेकर, हे लोकांना नंतर कळलं. गाण्यातल्या बाईने झुरावं, घरातल्या मुलीने शब्द काढू नये, ही आपली जुनी रीत. तुमच्या मुलीशी बोलताना ती आठवा, एवढंच म्हणते. मुलगी निदान मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडते.

मुलगा कुठे जाणार? दहावीतला एक मुलगा मला आठवतो. मुलीने ‘नाही’ म्हटलं, तेव्हापासून त्याचं जेवण सुटलं होतं. घरी ऐकायला मिळालं, ‘पोरीसारखा रडतोस काय?’ मित्र म्हणाले, ‘सोडू नकोस, मागे लाग, पटेल.’ सिनेमाही त्याला वर्षानुवर्षं हेच शिकवत आला होता. नकार ऐकून घरी यावं, दुःख करावं आणि पुन्हा त्या मुलीच्या वाटेला जाऊ नये, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. तो दोन दिवस तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. ती घाबरली, तिचा क्लास सुटला. मुलगा वाईट नव्हता हो. त्याच्याजवळ शब्द नव्हते, आणि ते द्यायला घरात कुणी बसलं नव्हतं.

मी वडिलांना बोलावलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, आधी मुलाच्या मार्कांबद्दलच बोलत राहिले. मग मी विचारलं, ‘तुम्हाला कधी कुणी नाही म्हटलं होतं का?’ ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. कॉलेजातली एक मुलगी, पुस्तकात ठेवून दिलेली चिठ्ठी, तशीच परत आलेली. वीस वर्षांत हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

‘हे त्याला सांगाल?’ मी म्हटलं.

‘त्याच्या आईसमोर नको,’ ते म्हणाले. त्या संध्याकाळी ते मुलाला स्कूटरवर मागे बसवून नदीकडे घेऊन गेले.