बोरीच्या वाळूत उभा राहणारा पाळणा

'तुमच्याकडे लहानपणी ॲम्युझमेंट पार्क नव्हतं का?' असं कोणी विचारलं की मला हसू येतं. होतं की! एक नव्हे, वर्षभर पसरलेली बरीच होती. फक्त त्यांना कुंपण नव्हतं, आणि पत्त्याऐवजी तिथी होती. चैत्र पौर्णिमेला धुळ्यात, पांझरेच्या काठी, एकवीरादेवीची यात्रा. वैशाख शुद्ध एकादशीला अमळनेरात सखाराम महाराजांचा रथ, आणि त्यासोबत बोरी नदीच्या पात्रात भरणारी जत्रा. कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताई-चांगदेवाची यात्रा.

वडिलांची नोकरी धुळ्याला, मूळ गाव अमळनेरजवळ आणि माझा संसार जळगावात, त्यामुळे यातलं बहुतेक पायाखालून गेलं. जीव मात्र अमळनेरच्या जत्रेतच अडकला. त्या वाळूत फिरून जे अंगी लागलं ते आकडे घालून लिहितोय. आकडे सोयीसाठी आहेत, मोठ्या-लहानाचा क्रम त्यात शोधू नये.

१. पहिली फेरी फुकट मारावी.

आबा जत्रेच्या दिवशी सकाळी सगळ्या नातवंडांना ओळीने उभं करायचे आणि प्रत्येकाच्या तळहातावर सारखे पैसे ठेवायचे. दिवसभर तेवढेच. पाळणा, मौत का कुवा, बर्फाचा गोळा, भिंगरी, शिट्टी, यांतलं दोनाहून जास्त काही त्यात बसत नसे. मग मूठ खिशात घट्ट धरून आम्ही सगळी जत्रा एकदा नुसती पालथी घालायचो. कोणता पाळणेवाला किती फेऱ्या देतो, कोणाच्या गोळ्याचा रंग जिभेवर जास्त वेळ टिकतो, कुव्यातून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे कसे दिसतात, याचा बारीक तपास व्हायचा. कुव्याबाहेरच्या मचाणावर फटफटीवाला गाडी जागच्या जागी घुमवून दाखवायचा, शेजारी जोकर माकडचेष्टा करायचा. ते तर एक पैसा न देता मिळायचं. निर्णय दुपार कलल्यावर व्हायचा.

पुढे मुलं लहान असताना त्यांना जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईला नेऊन गोराईचं एस्सेलवर्ल्ड दाखवलं. १९८९ साली सुरू झालेलं ते ठिकाण आमच्याकडच्या पोरांचं मोठं स्वप्न होतं. होडीने खाडी ओलांडायची, एकदा तिकीट काढलं की आत सगळे खेळ मोकळे. मुलं खूश, मीही खूश. पण रांगेतून रांगेत पळताना त्यांना काही सोडावं लागलं नाही, आणि परतीच्या गाडीत कोणता खेळ भारी यावर एक भांडणसुद्धा झालं नाही. आबांच्या त्या पैशांवरून आम्ही भावंडं आठवडाभर भांडायचो, कोणी शहाणपणा केला आणि कोण फसलं म्हणून. जत्रा संपली तरी ती भांडणात चालू राहायची.

एस्सेलवर्ल्ड २०२२ साली बंद झालं. बोरीच्या पात्रातली जत्रा, करोनाची दोन वर्षं सोडली तर, भरतेच आहे. यावरून काही सिद्ध होत नाही, पण नोंद असावी.

२. पाळणा फिरताना सगळेच बघतात, उभा राहताना बघावा.

वैशाखात बोरीचं पात्र कोरडं असतं. शेतं नांगरून पावसाची वाट बघत पडलेली असतात, तिथे हजारो पाय कोण फिरू देईल? नदी मात्र कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. एवढी मोकळी, सपाट जागा गावाजवळ तीच. पण वाळूवर वजन उभं करणं सोपं नाही. ट्रक रिकामा झाला की पाळणेवाले आधी वरची भुसभुशीत वाळू उपसायचे, खालच्या घट्ट थरावर जाड ओंडके आडवे टाकायचे आणि त्यांवर लोखंडी पाय बसवायचे. पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी. दोन्ही टोकांचं पाणी सारख्या खुणेवर आलं की मुकादम मान हलवायचा. शाळेत पुढे द्रवाच्या समान पातळीचा धडा आला, तेव्हा गुरुजी फळ्यावर आकृती काढत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे बोरीची वाळू होती.

माणसं भरतानाही हिशेब असतो. समोरची खुर्ची रिकामी दिसते, तरी पाळणेवाला तिथे बसू देत नाही. चाक अर्धं फिरवून बरोबर समोरच्या बाजूची खुर्ची खाली आणतो आणि मग बसवतो. एका बाजूला वजन झालं तर चाक ओढ खातं, इंजिन दमतं आणि थांबवताना हिसका बसतो. जाडजूड माणसं एकाच खुर्चीत बसायला आली की तो हसत हसत त्यांना वेगळं करायचा. लग्नाची नवी जोडपी चिडायची.

माझ्या अगदी लहानपणी चार खुर्च्यांचा लाकडी पाळणा होता, माणसं तो हाताने ढकलायची. लोखंडी, इंजिनवरचा मोठा पाळणा नंतर आला. जगात अशा चाकाचं नाव निघालं की जॉर्ज फेरिसने १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात उभारलेलं २६४ फुटी चाक सांगतात. पण लाकडी पाळणे त्याच्या कितीतरी आधीचे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६२० साली बल्गेरियातल्या प्लोव्दिव शहरात ते पाहिले आणि त्यांचं चित्र काढून ठेवलं. हाच मंडी १६३० साली सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाताना आपल्या खान्देशातून गेला. तेव्हा गुजरात-खान्देशात भयंकर दुष्काळ पडला होता, रस्त्याने प्रेतं होती. पाळणे पाहायची ती वेळ नव्हती.

३. वर गेल्यावर डोळे मिटू नयेत.

हे मला फुईने, म्हणजे आत्याने, शिकवलं. फुई पारोळ्याकडे दिलेली. आखाजीला माहेरी यायची. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; तिच्यानंतर आठव्या दिवशी अमळनेरचा रथ, त्यामुळे सासरहून बोलावणं आलं तरी 'रथ पाहूनच येते' असं सांगायला तिला हक्काचं कारण होतं. आमच्या भागातल्या कितीतरी लेकीबाळींचं माहेरपण असं आठ-दहा दिवसांनी लांबायचं. पंचांग करणाऱ्याने हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, पण बायकांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

आखाजीला निंबाच्या फांदीला झोका बांधायचा, आणि त्यावर सासरच्या सगळ्यांचा उद्धार करणारी गाणी म्हणायची. दुपारभर पुरुष पत्ते कुटत बसायचे, पोरी झोक्यावर. त्यामुळे जत्रेतल्या पाळण्याची फुईला भीती अशी नव्हतीच. पहिल्यांदा मी तिच्याशेजारी बसलो, खुर्ची वर चढली, पोटात गोळा आला आणि मी तिच्या पदरात तोंड खुपसलं. तिने माझी मान धरून वर केली. "डोया झाकू नको रे भाऊ, गाव देख!"

मग पाहिलं. पात्रातलं महाराजांचं समाधिमंदिर, दोन्ही काठांवर मुंग्यांसारखी माणसं, त्यांच्या मधून सरकणारा रथाचा कळस. पलीकडे गाव. फुई बोटाने दाखवत होती: ती प्रताप शेठची मिल, तो विप्रोचा कारखाना. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाच्या धंद्यातून सुरू झालेली ही कंपनी पुढे कुठल्या कुठे गेली, आणि तिचे शेअर जपून ठेवणारी अमळनेरची घरं कोट्यधीश झाली. त्या दिवशी वरून आम्हाला ती घरं दिसत असणार. कौलं सगळ्यांची सारखीच होती.

फेरी संपली तेव्हा फुई उतरेना. पाळणेवाल्याला म्हणाली, "आखो एक चक्कर मार रे भाऊ." त्याने पैसे मागितले. फुईने कमरेची पिशवी सोडली आणि स्वतःचे पैसे दिले. घरच्या कोणाला विचारलं नाही, हे मला फार वर्षांनी लक्षात आलं.

४. जादूच्या तंबूत बाई बघू नये, पडदा बघावा.

'नागकन्या' किंवा 'फक्त मुंडकं असलेली मुलगी' प्रत्येक जत्रेत असतेच. टेबलावर नुसतं डोकं, ते बोलतं, नाव विचारलं तर सांगतं, टेबलाखाली आरपार मोकळं. नीट पाहिलंत तर तिन्ही बाजूंचे पडदे एकाच रंगाचे असतात. गोम तिथेच आहे. टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे तिरके लावलेले असतात. आपल्याला त्यांत बाजूचे पडदे दिसतात आणि वाटतं मागचा पडदा दिसतोय. मुलगी आरशांमागे आरामात बसलेली असते. म्हणून तंबूवाला कठड्याच्या पुढे कोणाला येऊ देत नाही. हाच खेळ १८६५ साली लंडनच्या ईजिप्शियन हॉलमध्ये 'स्फिंक्स' या नावाने झाला, तेव्हा साहेबलोकही असेच तोंड उघडं टाकून बघत राहिले होते. अमळनेरला तोच खेळ चार आण्यांत मिळाला.

गुपित कळल्यावर मजा जाते असं म्हणतात. मला उलट वाटतं. कळल्यापासून मी दरवर्षी त्या तंबूत जातो आणि आरशाची कड सापडते का ते शोधतो. चांगल्या तंबूवाल्याची सापडत नाही.

५. मौत का कुवा एकदा वरून बघावा, एकदा खालच्या फटीतून.

वरून धाडस दिसतं. खालून कळतं की गाडी आधी तळाच्या उताराच्या फळ्यांवर फिरून वेग घेते, मगच उभ्या भिंतीवर चढते. वेग असतो तोवर भिंत चाकाला आत रेटत राहते आणि घर्षण गाडीला पडू देत नाही. वेग कमी झाला की उतरावंच लागतं, म्हणून वरच्या वर थांबून सलाम ठोकणारा फटफटीवाला मी तरी पाहिला नाही. नोट मात्र तो पळत्या गाडीवरून तुमच्या हातातून घेतो. नोट लांब धरावी, बोटं नव्हे.

६. रथ बघताना ओढणाऱ्यांपेक्षा मोगरीवाल्याकडे बघावं.

हा धडा जळगावचा. १८७२ साली अप्पा महाराजांनी सुरू केलेला रथोत्सव. उंच लाकडी रथ, अरुंद गल्ल्या, दोरावर शेकडो हात. रथाला ना ब्रेक, ना स्टिअरिंग. चाकाखाली लाकडाची मोगरी सारून तो थांबवतात आणि वळवतातही. एका बाजूचं चाक अडवलं की रथ तिकडे वळतो. मोगरी सारणारा माणूस फिरत्या चाकाच्या वीतभर पुढे वाकलेला असतो आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं, सगळे नमस्कारात गुंतलेले. भिलपुऱ्यात लालशाबाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो, तिथे चादर चढते. रथ नेमका तिथे उभा राहतो तो मोगरीवाल्यामुळे. जळगावात नवीन आलेल्या पाहुण्यांना मी हे दाखवतो. ते मान डोलावतात आणि मूर्तीचा फोटो काढतात.

७. हरवलं तर भेटायची जागा हलणारी नसावी.

आमच्या एका चुलतभावाला 'फुगेवाल्यापाशी थांब' असं सांगितलं होतं. तो शहाण्यासारखा फुगेवाल्यापाशीच थांबला. फुगेवाला धंदा करत करत पार दुसऱ्या काठाला गेला, हाही त्याच्यामागे. लाउडस्पीकरवर नाव पुकारलं गेलं तेव्हा साहेब फुगेवाल्याच्या वतीने शिट्ट्या विकत होते.

८. खाणं शेवटी.

पाळण्यात बसायच्या आधी गोडीशेव खाल्ली तर काय होतं ते इथे लिहीत नाही. गुळाची गोडीशेव, रेवड्या, बत्तासे घरी न्यायला घ्यावेत, शेव-मुरमुरे वाळूत बसून खावेत. वैशाखातल्या खान्देशी उन्हात दुपारी पात्रात उतरणं हा मूर्खपणा आहे, वाळू चपलेतून भाजते. पाच वाजल्यानंतर जावं.

९. तमाशाच्या तंबूबद्दल.

लहानपणी आम्हाला तिकडे जाऊ देत नसत, आणि मोठेपणी गेलो ते रात्री फार उशिरापर्यंत बसलो, एवढंच सांगतो.

१०. रथाच्या दिवशी देवाला जावं, पाळण्याला नंतर.

एकादशीला पाय ठेवायला जागा नसते, पाळणेवाला घाईत असतो, फेऱ्या मोजून देतो. पौर्णिमेला पालखी निघते. ती झाली की गर्दी ओसरू लागते. बांगड्यावाली भाव उतरवते, खापर-तवे विकणारा 'परत न्यायचं ओझं नको' म्हणून घासाघीस न करता देऊन टाकतो. पाळण्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, तेव्हा वजन सांभाळायला पाळणेवाला स्वतःच आसपासच्या पोरांना हाका मारतो आणि पैसे न घेता समोरच्या खुर्चीत बसवतो. आबांनी दिलेले पैसे तोवर संपलेले असायचे. आम्ही त्या संध्याकाळी पाळण्याच्या आसपासच घुटमळायचो, आणि आपण समोरच्या खुर्चीच्या वजनाचे वाटावं म्हणून श्वास भरून छाती फुगवून उभे राहायचो.