अ‍ॅनापोलिस नदीचें खोरें व तेथील लोक

भूगोलाच्या तासाला कॅनडाचें नांव निघालें कीं आमचे विद्यार्थी गहूं, लांकूड, बर्फ व सरोवरें हीं चार उत्तरें घडघडां म्हणून दाखवितात. उत्तरें चुकीचीं नाहींत. परंतु एवढ्या विस्तीर्ण देशाची ओळख चार शब्दांत व्हावयाची नाहीं. म्हणून या लेखांत कॅनडाच्या पूर्व टोंकाचें एकच लहानसें खोरें घेऊन, तेथील भूमि कशी आहे, ती कोणीं घडविली व घडविणाऱ्यांचें पुढें काय झालें, एवढेंच पाहावयाचें योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं नकाशा उघडून जवळ ठेवावा. पालकांनींहि शेजारीं बसल्यास उत्तम.

स्थान व रचना

अटलांटिक महासागरांत शिरलेला नोव्हा स्कोशिया नांवाचा कॅनडाचा एक प्रांत आहे. त्याच्या वायव्य किनाऱ्याला समांतर असें हें खोरें सुमारे ८० मैल लांब पसरलेलें आहे. त्याच्या उत्तरेस नॉर्थ मौंटन व दक्षिणेस साउथ मौंटन अशा दोन रांगा आहेत. नांवें डोंगरांचीं असलीं तरी उंची सात-आठशें फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढें त्या टेकड्याच होत. तथापि उत्तरेकडील रांगेचें सह्याद्रीशीं एक नातें आहे: तीहि लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळाची आहे. मात्र तो लाव्हा सुमारे २० कोटि वर्षांपूर्वींचा, तर आपला सुमारे साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. दक्षिणेची रांग ग्रॅनाइटाची. या दोन कठीण भिंतींमधील वालुकाश्म मऊ. तो झिजत गेला व खोरें तयार झालें.

खोऱ्यांत मुख्य नद्या दोन. दोघींचाहि उगम मध्यभागींच्या दलदलीच्या प्रदेशांत होतो. अ‍ॅनापोलिस नदी पश्चिमेकडे वाहत जाते. दुसरी, पुष्कळ वर्षें कॉर्नवॉलिस या नांवानें ओळखिली गेलेली, पूर्वेकडे मायनस नांवाच्या आखातास मिळते. शेवटीं दोघींचें पाणी फंडीच्या उपसागरांतच जातें. खोरें ४५ अक्षांशांजवळ असल्यामुळें हिंवाळा कडक असतो. परंतु फंडीवरून येणारें थंड वारें व धुकें उत्तरेची रांग अडविते, म्हणून येथें फळझाडें चांगलीं होतात.

फंडीची भरती

जगांतील सर्वांत मोठी भरती या उपसागरांत येते. मुंबईस मोठ्या उधाणाचें पाणी सोळा फुटांच्या आसपास चढतें. मायनस आखाताच्या टोंकाशीं तें पन्नास फुटांवर चढतें. याचें कारण असें. उपसागर लांबट व आंत अरुंद होत जाणारा आहे. शिवाय त्यांतील पाण्यास एकदां आंतबाहेर हेलकावण्यास जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढ्याच वेळानें, म्हणजे साडेबारा तासांच्या सुमारास, समुद्राची पुढची भरती येऊन पोंचते. झोपाळा मागें येतांच नेमक्या क्षणीं झोंका देत गेल्यास तो जसा वर वर चढतो, तसेंच हें आहे. या भरतीबरोबर तांबडा बारीक गाळ येतो आणि किनाऱ्यावर सांचत जातो. तो गाळ अत्यंत सुपीक, पण खारा. त्यावर खारें गवत तेवढें उगवे.

मूळचे लोक

या भूमीचे मूळचे लोक मिकमॅक. ते ऋतुमानाप्रमाणें फिरत, नद्यांत मासे धरीत, रानांत शिकार करीत व झाडाच्या सालीच्या हलक्या होड्यांतून प्रवास करीत. ग्लूस्कॅप नांवाच्या महावीराच्या त्यांच्या कथा प्रसिद्ध आहेत. त्याचें वसतिस्थान मायनस आखातावर उभें असलेलें ब्लोमिडॉनचें भूशिर होय, असें ते सांगत. याच खोऱ्यांत जन्मलेल्या सायलस रँड या मिशनरीनें त्यांची भाषा शिकून एकोणिसाव्या शतकांत यांपैकीं पुष्कळ कथा लिहून घेतल्या.

समुद्राकडून घेतलेली जमीन

१६०५ सालीं द मों व शॅंप्लेन या फ्रेंच पुढाऱ्यांनीं खोऱ्याच्या पश्चिम टोंकाशीं पोर्ट रॉयल ही वसाहत स्थापिली. १६१० सालीं मिकमॅकांचा प्रमुख मेंबर्टू यानें तेथें बाप्तिस्मा घेतला. १६३० नंतर फ्रान्सच्या पश्चिम भागांतून शेतकरी कुटुंबें येऊं लागलीं. या वसाहतीस अकेडिया व लोकांस अकेडियन असें नांव पडलें. इतर वसाहतवाले रान तोडून जमीन करीत. अकेडियनांनीं मुख्यतः खाऱ्या दलदलीकडे दृष्टि वळविली.

माझें बालपण रायगड जिल्ह्यांत खाडीकांठीं गेलें. आमच्या गांवाची खारजमीन मातीच्या बांधानें राखिलेली होती व बांधाच्या पोटांत लांकडी उघाडी होती. ओहोटीला शेतांतील पाणी तिच्या दारास ढकलून बाहेर जाई व भरतीला खाडीचेंच पाणी तें दार दाबून बंद करी. गोव्याच्या खाजन शेतींत यासच मानस म्हणतात. अकेडियनांनीं फंडीच्या कांठीं नेमकी हीच युक्ति योजिली. त्यांचा शब्द अबुआतो. दोन किनाऱ्यांच्या शेतकऱ्यांनीं एकमेकांस न पाहतां एकच धडा समुद्रापासून घेतला, हें वाचून मला प्रथम फार नवल वाटलें होतें.

बांधासाठीं ते दलदलींतील गवत मुळांसकट विटांसारखें कापून काढीत व त्याचे थर रचीत. मुळें एकमेकांत गुंतून बांध घट्ट होई. मग दोन-तीन वर्षें जमीन तशीच ठेवीत. पावसानें मीठ धुवून निघालें म्हणजे गहूं, वाटाणा व उत्तम गवत पिके. हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे. एका ठिकाणीं खांड पडली तर सर्वांचींच शेतें खारीं होतात. म्हणून बांध सगळ्या गांवानें घालावयाचा व सगळ्या गांवानें राखावयाचा, अशी रीति होती. पूर्वेकडे १६८० च्या सुमारास वसलेलें ग्राँ-प्रे, म्हणजे 'मोठें कुरण', हें गांव या कष्टांचें उत्तम फळ होय.

१७५५ सालची हद्दपारी

१७१० सालीं इंग्रजांनीं पोर्ट रॉयल जिंकून घेतलें व राणी अ‍ॅनच्या नांवावरून त्यास अ‍ॅनापोलिस रॉयल असें नांव दिलें. १७१३ च्या तहानें हा मुलूख कायमचा इंग्रजांकडे आला. अकेडियनांनीं नव्या राजाचें राज्य मानिलें. परंतु फ्रेंचांविरुद्ध किंवा मिकमॅकांविरुद्ध शस्त्र धरण्याची शपथ घेण्यास ते तयार नव्हते. चाळीस वर्षें हा वाद कसाबसा चालला. मग फ्रान्स व इंग्लंड यांचें युद्ध पुन्हां जवळ आलें आणि गव्हर्नर लॉरेन्स व त्याचें मंडळ यांनीं या सर्व लोकांस देशाबाहेर घालविण्याचा निर्णय केला.

१७५५ च्या सप्टेंबरच्या ५ तारखेस कर्नल विन्स्लो यानें ग्राँ-प्रे भागांतील पुरुषांस व दहा वर्षांवरील मुलांस देवळांत बोलाविलें. ४१८ जण आले. दारें बंद झालीं व हुकूम वाचण्यांत आला: जमिनी, घरें व गुरें सरकारजमा झालीं आहेत, पैसे व बरोबर नेतां येईल तेवढें सामान घेऊन सर्वांनीं देश सोडावा. हें काम आपल्या स्वभावास अत्यंत अप्रिय आहे, असें विन्स्लोनें त्याच वेळीं सांगितलें. तरी काम त्यानें पार पाडिलें. वर्ष संपण्याच्या आंत या भागांतील दोन हजारांवर माणसें गलबतांत भरून दक्षिणेकडील इंग्रजी वसाहतींत पाठविण्यांत आलीं. घरें जाळण्यांत आलीं. कांहीं कुटुंबांची ताटातूट झाली, कांहीं रानांत पळालीं व त्यांपैकीं कित्येकांना मिकमॅकांनीं आसरा दिला. १७६३ पर्यंत सर्व अकेडियांतून दहा हजारांच्या आसपास लोक असे उखडले गेले.

बांधाला पडलेली खांड

१७५९ च्या नोव्हेंबरांत मोठें वादळ होऊन समुद्र चढला आणि राखण नसलेले बांध फुटले. पुढच्याच वर्षीं न्यू इंग्लंडमधून नवे शेतकरी या जमिनी घेण्यास आले. ते कष्टाळू व धर्मशील होते. पण समुद्राचा बांध त्यांनीं कधीं घातला नव्हता. शेवटीं सरकारनें जवळच्या किल्ल्यांत कैद असलेले अकेडियन आणविले, व एके काळीं स्वतःच्या असलेल्या जमिनीचे बांध त्यांनीं परक्यांसाठीं मजुरीवर दुरुस्त केले. पुढें नव्या वसाहतवाल्यांनींच सरकारला अर्ज केला कीं, या लोकांच्या मदतीवांचून आमचीं कामें पुढें जाणें कठीण आहे. ज्यांना देशाबाहेर हांकून दिलें, त्यांच्यावांचून देशाचें चालेना, याची ही सरकारदप्तरींच राहिलेली कबुली होय.

१७६४ नंतर अकेडियनांस परत येण्याची मुभा मिळाली. परंतु जुन्या जमिनींवर दुसरे बसले होते. पुष्कळ जण खोऱ्याच्या नैर्ऋत्येस सेंट मेरीज उपसागराच्या खडकाळ कांठीं वसले. तेथें आजहि फ्रेंच भाषा चालते. कांहीं लुइझियानांत गेले. तेथील 'केजन' हें नांव 'अकेडियन' याचाच अपभ्रंश आहे.

नंतर आलेले

१७८३ सालीं अमेरिकन वसाहती स्वतंत्र झाल्यावर राजनिष्ठ लोक येथें आले. त्यांत इंग्रजांच्या बाजूस जाऊन गुलामगिरींतून सुटलेले निग्रो लोकहि होते. त्यांस स्वातंत्र्याबरोबर जमिनीचें वचन होतें. पण पुष्कळांच्या वांट्यास ती आलीच नाहीं. डिग्बीनजीकचा टॉमस पीटर्स, जो पूर्वीं स्वतः गुलाम होता, ही तक्रार घेऊन थेट लंडनला गेला. परिणामीं १७९२ च्या जानेवारींत सुमारे १,२०० जण पंधरा जहाजांतून आफ्रिकेंत सिएरा लिओन येथें गेले. मागें राहिलेल्यांचे वंशज नोव्हा स्कोशियांत अद्याप आहेत.

आजचें खोरें

१८३८ सालीं वुल्फव्हिल येथें बॅप्टिस्ट मंडळींनीं काढिलेलें विद्यालय आज अकेडिया विद्यापीठ आहे. १८६९ सालीं आगगाडी आली व खोऱ्यांतील सफरचंदें इंग्लंडास जाऊं लागलीं. दुसऱ्या महायुद्धांत तो बाजार बंद पडला आणि कित्येक बागा उपटाव्या लागल्या. तरी मे-जूनमध्यें खोरें अजूनहि मोहरानें पांढरें होतें. फळें तोडण्यास जमेका व मेक्सिको येथून दरसाल मजूर येतात. ग्राँ-प्रेचे जुने बांध आजहि शेतें राखीत आहेत व त्यांची व्यवस्था जमीनधारकांचें मंडळ एकत्र बसून पाहतें. २०१२ सालीं युनेस्कोनें तो सर्व परिसर जागतिक वारसा म्हणून मान्य केला. मात्र समुद्राची पातळी वाढत असल्यामुळें बांध उंच करावे लागत आहेत.

स्मृतिहि हळूहळू दुरुस्त होत आहे. १८४७ सालीं लाँगफेलो कवीनें 'इव्हॅंजेलिन' काव्यांत हद्दपारीची कथा जगापुढें आणिली. २००३ सालीं राणी एलिझाबेथच्या नांवानें निघालेल्या जाहीरनाम्यांत त्या दुःखाची नोंद होऊन २८ जुलै हा स्मरणदिन ठरला. मिकमॅकांच्या डोक्यांवर इनाम लावणारा गव्हर्नर एडवर्ड कॉर्नवॉलिस (आपल्या इतिहासांतील लॉर्ड कॉर्नवॉलिसचा हा चुलता) याचा हॅलिफॅक्स शहरांतील पुतळा २०१८ सालीं उतरविण्यांत आला.

मुलांनो, नकाशावर नदी निळ्या रेघेनें दाखवितात, शेतें हिरव्या रंगानें. पण बांध घालणाऱ्यांचे हात कोणत्याहि रंगानें दाखवीत नाहींत. ते आपले आपण शोधावे लागतात. बांध कोणीं घातला हें जो विसरतो, त्याला तो कसा राखावा हेंहि फार काळ ठाऊक राहत नाहीं. तुमच्या गांवचें तळें, विहीर, घाटरस्ता, ही शाळादेखील कोणाच्या तरी हातांनीं उभी आहे. सुटींत घरीं गेल्यावर वडील माणसांस विचारा, व नांवें मिळालीं तर लिहून ठेवा.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. खोऱ्याचा नकाशा काढून दोन्ही नद्यांच्या वाहण्याच्या दिशा बाणांनीं दाखवा.
२. फंडीची भरती मुंबईच्या भरतीहून मोठी कां, तें झोपाळ्याच्या दृष्टान्तानें स्पष्ट करा.
३. उघाडीचें दार भरतीला आपोआप कसें बंद होतें? आकृति काढा.
४. नव्या वसाहतवाल्यांना जुन्या रहिवाशांची गरज कां पडली? यावरून तुम्हांस काय वाटतें, तें दहा ओळींत लिहा.