बोर्ड मुलांच्याच हातात दे

अगं, सुट्टीत मुलांचा कोडिंगचा वर्ग घेणार आहेस ना, मग ऐक. पहिल्या दिवशी संगणक उघडूच नकोस. अंगणात खडूने चौकटी आख, एकाला रोबो कर आणि दुसऱ्याला हुकूम सोडू दे: दोन चौकटी पुढे, उजवीकडे वळ, थांब. "जरा पुढे जा" म्हटलं तर रोबोने जागचं हलायचं नाही. सूचना किती नेमकी लागते, ते मुलांना आपोआप कळतं. ही कल्पना जुनीच आहे: शिक्षणतज्ज्ञ सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967मध्ये मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली आणि पुढे तिच्या हुकमावर जमिनीवर चालणारं यांत्रिक कासव आणलं. कासव कसं वळेल हे कळत नसेल, तर मुलाने स्वतः तसं चालून बघायचं.

मग मायक्रोबिट हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड दे. त्यावर पाच ओळींत 25 दिवे असतात. चित्र आधी चौकटीच्या वहीत काढून घे, नंतर संगणकावर मेककोडमध्ये, म्हणजे या बोर्डासाठी प्रोग्राम लिहायच्या साधनात, सूचनांचे ठोकळे जुळवायला बसव. दोघांत एक बोर्ड, माऊस एकाकडे, वायरी दुसऱ्याकडे, आणि अदलाबदल ठरलेली. नाहीतर धीट मूल सगळं उरकून टाकतं.

कुंडीचा प्रयोग मात्र चुकवू नकोस. मातीत थोडं अंतर ठेवून दोन खिळे रोव. एकाची वायर बोर्डाच्या 3 व्होल्टला, दुसऱ्याची शून्य क्रमांकाच्या पिनेला. बोर्ड 0 ते 1023 मधला आकडा देतो. माती ओली तर मोठा, कोरडी तर लहान. कितीच्या खाली झाड तहानलं म्हणायचं, ते तू सांगू नकोस. ओल्या-कोरड्या मातीचे आकडे मुलांना लिहू दे, त्यावरून भांडू दे, ठरवू दे. आकडा त्याखाली गेला की रडका चेहरा, ही अट मग त्यांची स्वतःची होते. सतत वीज वाहिली की खिळे लवकर गंजतात, म्हणून अधूनमधूनच मोजा.

चाललं नाही, तरी तू हात लावू नकोस. आधी बॅटरी, मग वायर, मग प्रोग्राम, या क्रमाने त्यांनाच शोधू दे. "काय होईल असं वाटलं होतं?" एवढंच विचार.

बटणासारखे चपटे सेल वर्गात आणूच नकोस. मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. ट्रिपल-ए सेलचा डबा वापर. चालू बोर्ड स्टीलच्या टेबलावर ठेवू नकोस, शॉर्ट होतो.

आणि बोर्ड कमी आहेत म्हणून वर्ग पुढे ढकलू नकोस. चार बोर्डांवर आठ मुलं व्यवस्थित शिकतात.