सी. डी., सूक्ष्म ध्वनिमुद्रण आणि कानाची साक्ष

मनुष्याच्या पांच ज्ञानेंद्रियांत कान जितका तीक्ष्ण तितकाच भोळा आहे. तंबोऱ्याची तार केसभर उतरली तर तो ती तत्काळ ओळखतो. परंतु "हा तंबोरा फार मोलाचा आहे" असें आधीं सांगितलें, तर त्याच तारेंत त्यास अधिक गोडवाही भासूं लागतो. या दोन गुणांपैकीं कोणता गुण केव्हां कार्य करीत आहे हें ओळखणें हेंच श्रवणाचें खरें शिक्षण होय. प्रस्तुत लेखांत याच दृष्टीनें एका चालू वादाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं वसतिगृहांतील एक विद्यार्थी आम्हांकडे आला. त्याचें घर पारनेर तालुक्यांत, शेती कोरडवाहू. त्या वर्षीं मात्र कांद्याचे चार पैसे हातीं आले होते. त्यांतून त्यास गाणें ऐकण्याकरितां हेडफोन घ्यावयाचा होता. कोणीं त्यास सांगितलें कीं, साध्या हेडफोनवर फार तर सी. डी.च्या प्रतीचें गाणें ऐकूं येतें. 'हाय-रेझोल्युशन' असें चिन्ह असलेला हेडफोन घेऊन त्याच जातीचें मुद्रण ऐकलें म्हणजे गवई समोर बसल्याचा भास होतो. किंमत मात्र चौपट होती. "सर, हें खरें काय?" असा त्याचा सरळ प्रश्न होता. बापाच्या घामाचा पैसा खर्चण्यापूर्वीं मुलगा विचार करितो, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. म्हणून उत्तरही नीट द्यावें असें वाटलें.

प्रथम सी. डी. म्हणजे काय तें पाहूं. फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनीं १९८० सालीं तिचे नियम ठरविले, आणि १९८२ सालीं ती जपानांत विक्रीस आली. ध्वनि म्हणजे हवेचें कंपन. हें कंपन विजेच्या लहरींत उतरवून त्या लहरीची उंची ठराविक वेळानें मोजावयाची व ते आंकडे लिहून ठेवावयाचे, ही अंकीय मुद्रणाची रीत आहे. सी. डी.मध्यें असे नमुने दर सेकंदास ४४,१०० घेतात, आणि प्रत्येक नमुन्याचा आंकडा १६ द्विमान अंकांत लिहितात; म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या होतात. हाय-रेझोल्युशन मुद्रणांत नमुने बहुधा ९६,००० किंवा १,९२,००० असतात, व द्विमान अंक २४ असल्यामुळें पायऱ्या १,६७,७७,२१६ होतात. यासच आम्ही पुढें 'सूक्ष्म मुद्रण' म्हणूं. डाव्या व उजव्या कानाचे मिळून सी. डी.स दर सेकंदास १४,११,२०० अंक लागतात. ९६,००० नमुन्यांच्या सूक्ष्म मुद्रणास ४६,०८,००० लागतात. सामग्री सव्वातीन पटींहून अधिक झाली. मग सुखही तितकें वाढलें पाहिजे, असें सहज वाटतें. येथेंच विचाराची पहिली पायरी चुकते.

नमुने थोडे घेतले तर दोन नमुन्यांमधील नाद हरवत असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. भूमितींतील एक साधी गोष्ट आठवावी. एका रेषेंत नसलेले तीन बिंदू दिले, आणि आकृति वर्तुळच आहे हें ठाऊक असलें, तर त्यांमधून जाणारें वर्तुळ एकच निघतें. चौथा, पांचवा किंवा तीनशेवा बिंदु दिल्यानें तें अधिक गोल होत नाहीं. ध्वनिलहरीचेंही असेंच आहे. लहरींतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले, तर त्यांतून मूळ लहर पूर्णपणें परत मिळतें. या सिद्धांताचा पाया नायक्विस्ट यांनीं १९२८ सालीं घातला, व शॅनन यांनीं १९४९ सालीं तो स्पष्ट मांडला.

तेव्हां खरा प्रश्न असा कीं, मनुष्याचा कान किती जलद कंपनें ऐकतो? निरोगी तरुण कानाची मर्यादा दर सेकंदास सुमारें २० पासून २०,००० कंपनांपर्यंत मानितात. ४४,१०० चें अर्ध २२,०५० होतें, म्हणजे सी. डी.मध्यें कानाची संपूर्ण मर्यादा बसून वर थोडी जागा उरते. कुत्र्यास व वटवाघुळास याहून पुष्कळ जलद कंपनें ऐकूं येतात. त्यांच्याकरितां सूक्ष्म मुद्रण करणें कदाचित् योग्य ठरेल! मनुष्याची वरची मर्यादा तर वयाबरोबर उतरत जाते. आम्हीं त्या विद्यार्थ्याबरोबर बसून १५,००० कंपनांचा एक स्वर लाविला. त्यास तो स्वच्छ ऐकूं आला. आम्हांस मात्र यंत्र बंद आहे असेंच वाटलें. एफ. एम. आकाशवाणीवरून येणाऱ्या संगीतांतही सामान्यतः १५,००० च्या पलीकडचीं कंपनें नसतात. परंतु तेवढ्याकरितां कोणी श्रोता उठून गेल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

आतां पायऱ्यांविषयीं. एका द्विमान अंकामागें सुमारें ६ डेसिबेल, या हिशेबानें १६ अंकांत सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आवाजांमध्यें ९६ डेसिबेलांचें अंतर मावतें, व २४ अंकांत १४४ डेसिबेलांचें. शांत खोलींतही सुमारें ३० डेसिबेलांची कुजबूज असतेच. तिच्या वर ९६ चढविले म्हणजे आवाज १२६ डेसिबेलांवर, अर्थात् कानास वेदना होण्याच्या सीमेजवळ जातो. कान झांकणारा हेडफोन बाहेरची कुजबूज कांहींशी अडवितो हें खरें; तरीही सी. डी.ची मर्यादा अपुरी पडावी असें संगीत क्वचितच भेटेल. कांद्याचें पोतें सोनाराच्या तराजूवर तोलण्यांत अर्थ नाहीं, त्यांतला हा प्रकार आहे. मुद्रणगृहांत मात्र २४ अंकांचा खरा उपयोग होतो. गवई केव्हां आवाज चढवील हें मुद्रकास आधीं कळत नाहीं, म्हणून तो वर मोकळी जागा सोडतो; पुढें अनेक आवाजांचें मिश्रण करितांनाही ती जागा कामास येते. स्वयंपाक करणारास मोठें पातेलें लागतें. जेवणारास ताट पुरतें.

परंतु शास्त्रांत केवळ तर्क पुरत नाहीं, प्रयोग पाहिजे. अमेरिकेंतील मेयर व मोरन यांनीं २००७ सालीं असा प्रयोग प्रसिद्ध केला. सूक्ष्म मुद्रणाच्या तबकड्या लावून, कधीं तो नाद जसाच्या तसा, तर कधीं मध्यें सी. डी.च्या प्रतीच्या यंत्रांतून नेऊन श्रोत्यांस ऐकविला, व कोणता कोणता तें ओळखावयास सांगितलें. एकंदर ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरें बरोबर आलीं. म्हणजे रुपया उडवून जितकीं येतील तितकींच. यावर कित्येकांनीं आक्षेप घेतला कीं, त्यांतील कांहीं तबकड्यांचें मूळ मुद्रणच सूक्ष्म नसावें. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पुढें २०१६ सालीं लंडन येथील रीस यांनीं निरनिराळ्या १८ प्रयोगांचे आंकडे एकत्र तपासले. त्यांत बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२.३ निघालें, व ज्यांनीं आधीं कानाचा सराव केला होता त्यांत तें अधिक निघालें. तेव्हां भेद मुळींच नाहीं असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. पण नुसत्या अंदाजानें शेंकडा ५० मिळतात, आणि मोठ्या शोधानंतर ५२ मिळतात, एवढ्या भेदाकरितां चौपट मोल द्यावें काय, हा व्यवहाराचा प्रश्न उरतोच.

मग प्रामाणिक माणसेंही "फरक स्पष्ट ऐकूं येतो" असें कां म्हणतात? त्यांस खोटें ठरविण्याचें कारण नाहीं. त्यांनीं फरक खरोखर ऐकलेला असतो, पण त्याचें कारण बहुधा दुसरें असतें. दोन मुद्रणांपैकीं एक अगदीं किंचित् मोठ्यानें वाजलें, तर कानास तें मोठें न वाटतां अधिक चांगलें वाटतें. दुसरें असें कीं, सूक्ष्म म्हणून विकलेली प्रत कित्येकदां मूळ मुद्रणावरून पुन्हां निराळ्या संस्कारानें तयार केलेली असते. ती खरोखर सरस असूं शकते. पण तिचीच सी. डी.च्या प्रतीची नक्कल केली, तर तीही तितकीच सरस लागते. तिसरें कारण अपेक्षा, ज्याचा उल्लेख आम्हीं आरंभींच केला.

आपल्याकडे म्हण आहे, आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? ध्वनिमुद्रणास ही म्हण अक्षरशः लागू पडते. किराना घराण्याचे अब्दुल करीम खांसाहेब मिरजेस राहत. स्वरांच्या व तंबोऱ्याच्या बाबतींत त्यांचा कान किती सूक्ष्म होता हें सर्वश्रुत आहे. ते १९३७ सालीं निवर्तले. १९२५ च्या सुमारास विजेचें मुद्रण सुरू होण्यापूर्वीं गवयास कर्ण्यांत गावें लागे, आणि तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपे. त्या काळच्या तबकडींत तंबोऱ्याच्या जवारीचा बारीक झंकार पुरता उतरत नसे. आज ती तबकडी १,९२,००० नमुन्यांनीं उतरवून घेतली, तरी जो झंकार आडांत नाहीं तो पोहऱ्यांत यावयाचा नाहीं; खरखर मात्र अत्यंत बारकाईनें येईल. असें असूनही त्या खरखरींतून खांसाहेबांचा स्वर आजही मनास भिडतो. यावरून गाण्याचें मोल कशांत आहे हें कळावें.

हेडफोनविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. 'हाय-रेझोल्युशन' चिन्हाकरितां जपानांतील ध्वनिविषयक संस्थेनें हेडफोनास ४०,००० कंपनांपर्यंत पोहोंचण्याची अट घातली आहे. ज्या कंपनांपर्यंत कान पोहोंचत नाहीं तेथें हेडफोन पोहोंचला, तर श्रोत्याचा लाभ कोणता? याउलट, ऐकूं येणाऱ्या स्वरांत कोणता उठून दिसतो व कोणता दबतो या बाबतींत दोन हेडफोनांत मोठें अंतर असतें, आणि तें कोणासही कळतें. गादी कानास नीट न बसली तर खर्जाचे स्वर निसटून जातात. बिनतारी हेडफोनाची गोष्ट आणखी निराळी. त्यांतील बहुतेक ध्वनि पाठविण्यापूर्वीं त्याचा संक्षेप करितात. 'एलडॅक' नांवाची नांवाजलेली पद्धतिही दर सेकंदास फार तर ९,९०,००० अंक पाठविते, आणि सी. डी.स लागतात १४,११,२००. म्हणजे सूक्ष्म मुद्रण विकत घेऊन तें अशा हेडफोनवर ऐकणारा गृहस्थ घागर भरून आणतो आणि तांब्यानें पाणी वाढतो. तांब्याभर पाण्यानेंही तहान भागते, हा भाग वेगळा.

आमच्या शब्दावर मात्र कोणीं विश्वास ठेवूं नये. प्रत्येकानें स्वतः परीक्षा घ्यावी. एक सूक्ष्म मुद्रण घ्यावें व संगणकावर त्याचीच सी. डी.च्या प्रतीची नक्कल करावी. हेडफोन तारेचा असावा, व दोहोंचा आवाज तंतोतंत सारखा ठेवावा. ऐकणारानें पाठ करून बसावें. मित्रानें प्रत्येक वेळीं रुपया उडवून, छाप पडल्यास एक व कांटा पडल्यास दुसरें लावावें, आणि उत्तर मुकाट्यानें लिहून घ्यावें. असें १६ वेळां करावें. सोळा वेळां रुपया उडविण्याचे प्रकारही बरोबर ६५,५३६ होतात; त्यांपैकीं १२ किंवा अधिक उत्तरें नुसत्या दैवानें बरोबर येण्याचे प्रकार २,५१७ आहेत, म्हणजे शेंकडा ४ हून कमी. म्हणून १२ उत्तरें बरोबर आलीं तर कानास कांहीं ऐकूं येत असावें असें समजून परीक्षा पुन्हां घ्यावी. १० बरोबर आलीं म्हणून मात्र हर्ष मानूं नये. तितकीं तर शेंकडा २३ वेळां दैवानेंच येतात.

एक शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सूक्ष्म मुद्रण न घेतल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. मोठ्या आवाजानें मात्र कान कायमचा बिघडतो. अंतर्कर्णांतील सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबेलांचा आवाज आठवड्यास ४० तास चालेल. ९० डेसिबेलांचा अवघे ४ तास. एस. टी.च्या प्रवासांत इंजिनाच्या घरघरीवर मात करण्याकरितां जे विद्यार्थी आवाज चढवीत जातात, ते जी वस्तु कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं तीच खर्चून बसतात.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं हें सर्व सांगितलें, आणि काय घ्यावें याचा निर्णय त्याच्यावरच सोपविला. सुटीनंतर तो परत आला तेव्हां त्याच्या हातांत कानास नीट बसणारा साधा तारेचा हेडफोन होता. खिशांतून एक रुपया काढून तो म्हणाला, "सर, नाणें उडवावयास कोणीतरी पाहिजे." आम्ही आनंदानें त्याच्या मागें जाऊन बसलों. ज्यास आपल्याच कानाची साक्ष तपासून पाहावीशी वाटली, त्याचें शिक्षण योग्य मार्गास लागलें असें आम्ही समजतों.