रोलर कोस्टरपलीकडील आकर्षणे : मनोरंजनोद्यानांचा धडा आणि जोयडा तालुका

मनोरंजनोद्यान म्हटले की उंच रुळांवरून वेगाने कोसळणारी रोलर कोस्टर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. परंतु या उद्यानांचा इतिहास पाहता निराळेच चित्र दिसते. अमेरिकेतील डिस्नेलँड हे उद्यान १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले, तेव्हा त्यात एकही रोलर कोस्टर नव्हती. पहिली आली ती १९५९ साली. तोवर लोक आले ते आगगाडी, नौका आणि कृत्रिम अरण्यातील नदीवरची फेरी यांसाठी. अशा आकर्षणांची रचना कशी असते आणि निसर्गाच्या आकर्षणांनी समृद्ध असलेल्या जोयडा तालुक्याने त्यांतून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आकर्षणांचे प्रकार

रोलर कोस्टरव्यतिरिक्त असलेल्या आकर्षणांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार जलफेरीचा. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १९८० साली ‘थंडर रिव्हर’ ही फेरी सुरू झाली. तिच्यात गोल तराफ्यात बसलेले प्रवासी बांधीव पात्रातील खळाळत्या पाण्यातून हेलकावे खात जात. अशा फेरीतील पाणी पंपांनी वर चढविलेले असते आणि पंप थांबविताच प्रवाह ओसरू लागतो. दुसरा प्रकार अंधारफेरीचा. मंद प्रकाशातील देखाव्यांमधून नौका किंवा गाडी संथपणे जाते व प्रेक्षकाला एक कथा उलगडत नेते. तिसरा प्रकार पायी हिंडण्याचा. हॉलंडमधील एफ्टेलिंग येथे १९५२ साली उभारलेले परीकथांचे वन हे त्याचे जुने उदाहरण होय.

महाराष्ट्रात खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानातही हे प्रकार आले. नर्मदेच्या खोऱ्यातील जीवाश्मांवरून २००३ साली ज्याचे नामकरण झाले, त्या राजासॉरस या डायनोसॉरवर तेथील एक जलफेरी रचण्यात आली. या सर्व आकर्षणांत वेगापेक्षा स्थळ, कथा आणि उत्सुकता यांना महत्त्व आहे. नेमक्या याच गोष्टी जोयडा तालुक्यात मुळातच उपलब्ध आहेत.

काळी नदीवरील तराफा

काळी नदी याच तालुक्यातील डिग्गी गावापाशी उगम पावते आणि कारवारजवळ अरबी समुद्रास मिळते. गणेशगुडी येथे तिच्यावर सुपे धरण असून त्याची उंची १०१ मीटर आहे. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहात प्रत्येकी ५० मेगावॅटची दोन जनित्रे आहेत. जनित्रे फिरवून बाहेर पडणारे पाणी खालच्या खडकाळ पात्रातून धावते, आणि त्या द्रुतवाहांवर रबरी तराफ्यांतून राफ्टिंग चालते.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. उद्यानातील पंपाची कळ फेरी चालविणाऱ्याच्या हाती असते. काळीचे पाणी मात्र विजेच्या मागणीनुसार सुटते. तराफा मध्यधारेत आहे म्हणून ते थांबत नाही. पात्रही कोणी गुळगुळीत करून ठेवलेले नाही. यास्तव वीजगृह, प्रशासन आणि राफ्टिंगचालक यांच्यामध्ये पाणी सोडण्याच्या वेळांबाबत पक्का समन्वय असणे ही येथील सुरक्षिततेची पहिली अट ठरते. लाइफ जॅकेट, शिरस्त्राण आणि तराफ्यातील माणसांची ठरलेली संख्या या गोष्टी त्यानंतर येतात. तथापि त्यांतील एकीचीही उपेक्षा क्षम्य नाही. गर्दीच्या दिवशी ‘आणखी दोघे बसू द्या’ हा आग्रह मोडून काढणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्यच होय.

या पाण्याला दुसरीही एक बाजू आहे. ज्या सुपे गावाचे नाव धरणास व पूर्वी तालुक्यासही होते, ते जुने गाव जलाशयाखाली गेले. अनेक विस्थापित कुटुंबांची वस्ती रामनगर येथे झाली. ज्यांच्या जमिनींवर आज हे पाणी उभे आहे, त्यांच्या मुलाबाळांना या नव्या व्यवसायात प्रथम स्थान मिळणे न्याय्य आहे.

गुहा, खडक आणि पक्षी

अंधारफेरीसाठी उद्यानांत कृत्रिम गुहा बांधतात. कवळा येथे चुनखडीची नैसर्गिक गुहा असून तीतील ऊर्ध्वमुखी लवणस्तंभास शिवलिंग मानून भाविक पूजितात. महाशिवरात्रीस तेथे यात्रा भरते. पावसाचे पाणी जमिनीतून मुरताना चुनखडी विरघळविते आणि गुहेत थेंबाथेंबाने टपकताना चुन्याचा सूक्ष्म थर मागे ठेवते. असा स्तंभ वाढण्यास हजारो वर्षे लागतात. हातांचा सततचा स्पर्श, मशालींचा धूर आणि तुकडे फोडण्याची हौस यांनी त्याची जी हानी होते, ती कोणत्याही दुरुस्तीने भरून येत नाही.

कानेरी नदीकाठचा सिंथेरी हा सुमारे ३०० फूट उंचीचा एकसंध खडक असाच भव्य आहे. त्याच्या पायथ्याशी पाणी शांत भासले तरी पात्रात खोल खळगे आहेत, आणि कड्यावर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. तेथे आरडाओरडा करणे किंवा धूर करणे धोक्याचे आहे.

डिस्नेलँडच्या अरण्यफेरीत प्रथम जिवंत प्राणी ठेवण्याचा विचार होता. परंतु ते झोपतील वा लपतील म्हणून यांत्रिक प्राणी योजण्यात आले. येथील अरण्यात धनेशाच्या चार जाती आढळतात, आणि त्यांना वेळापत्रक लागू नाही. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला जवळजवळ बंद करून घेते. बारीक फटीतून नर तिला व पिलांना अन्न भरवितो. नर बिथरला तर आतील कुटुंबाची उपासमार होते. मोठ्या फळांच्या बिया दूरवर नेणारा हा पक्षी नाहीसा झाला, तर अरण्याची नवी लागवडच खुंटेल. त्याच्या रक्षणार्थ दांडेली परिसरात २०११ साली धनेश संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. तालुक्याचा मोठा भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो, हेही विसरता येत नाही.

काय घ्यावे, काय टाळावे

मनोरंजनोद्यानांचे अनुकरण करावयाचे ते त्यांच्या सिमेंटच्या डोंगरांचे, भोंग्यांचे किंवा रोषणाईचे नव्हे. घ्यावयाची आहे ती त्यांची शिस्त. उत्तम उद्यानात प्रत्येक फेरीची दैनंदिन तपासणी होऊन नोंद ठेवली जाते. एका वेळी किती माणसे सोडावयाची हे ठरलेले असते. उंची, वय व प्रकृती यांविषयीचे नियम प्रवेशापाशीच लिहिलेले असतात, आणि शंका येताच फेरी बंद ठेवण्याचा अधिकार चालकास असतो.

हेच नियम येथे लागू करता येतील. प्रत्येक स्थळी कन्नड, मराठी व कोंकणी भाषांत सूचनाफलक असावेत. साधनांच्या तपासणीची वही ठेवावी. गुहेत व अरण्यवाटांवर लहान गटांनीच, मार्गदर्शकासह प्रवेश द्यावा. कुणबी, गौळी व सिद्दी समाजांतील तरुणांना वाट, पाणी आणि पाखरू यांची उपजत ओळख आहे. तिला प्रथमोपचार व जलसुरक्षेच्या शिक्षणाची जोड दिल्यास त्यांच्याइतके कुशल मार्गदर्शक बाहेरून आणावे लागणार नाहीत. शाळांनीही सहलीपूर्वी विद्यार्थ्यांना स्थळाची माहिती व नियम समजावून सांगावेत.

उद्यानातील फेरी मोडली तर नवी बांधता येते. काळीचे पात्र, कवळ्याचा स्तंभ आणि धनेशाची ढोली यांच्याबाबत तशी सोय नाही. म्हणून पाहुण्यांची संख्या वाढविण्यापूर्वी ती मर्यादित ठेवण्याची व्यवस्था उभी करणे, हेच ग्रामपंचायती, व्यावसायिक आणि शासकीय खाती यांचे आजचे पहिले काम होय.