घरगुती सीएनसी यंत्र : आधी बैठक, मग मोटर

इंदापूर तालुक्यातील कळंब परिसराला यंत्रांचा आवाज नवा नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात येथे साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. पुढे तेथे अवजड यंत्रसामग्री तयार होऊ लागली. अवकाश प्रक्षेपकांच्या मोटरांची आवरणेही तेथे घडली. अशा परिसरातील होतकरू तरुणास स्वतःचे छोटे सीएनसी मिलिंग यंत्र बनवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र कष्टाचा पैसा वाया जाऊ नये यासाठी कामाचा क्रम समजून घेणे अगत्याचे आहे.

या यंत्रात फिरते कटर संगणकाच्या आज्ञेनुसार तीन दिशांना सरकते. १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत असे अंकनियंत्रित यंत्र दाखविण्यात आले, तेव्हा आज्ञा छिद्रे पाडलेल्या पट्टीवरून दिल्या जात. आज ते काम तळहाताएवढा नियंत्रक करतो. त्यामुळे नवशिक्यांचे लक्ष प्रथम विद्युत भागांकडे जाते. खरी अडचण असते ती सांगाड्याची.

काय कापायचे ?

खरेदीपूर्वी कोणता माल व केवढ्या आकाराचा कापायचा, हे ठरवावे. लाकूड व अ‍ॅक्रिलिकसाठी हलका सांगाडा चालतो. अ‍ॅल्युमिनियमला अधिक भक्कम लागतो. पोलाद कापण्याचा हव्यास पहिल्या यंत्रात धरू नये. यंत्राचा आकार वाढला की लवचीकपणाही वाढतो. म्हणून पहिले यंत्र लहान असावे.

अचूकतेचे गणित

सामान्य स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. एका फेऱ्यात ५ मि.मी. सरकविणारा बॉलस्क्रू जोडल्यास एका पावलाला ०.०२५ मि.मी. अंतर पडते. पण कटरच्या दाबाने सांगाडाच ०.२ मि.मी. वाकत असेल, तर ही सूक्ष्मता व्यर्थ होय. आयताकृती बैठकीचे दोन्ही कर्ण समान भरतात का, ते पाहावे. उभा अक्ष गुण्या लावून तपासावा.

स्क्रू व नट यांतील ढिलाईही मोजावी. यंत्र एका दिशेने सरकवून डायल गेजचा काटा शून्यावर आणावा, मग उलट दिशेने १ मि.मी. सरकण्याची आज्ञा द्यावी. गेज ०.९ दाखवीत असेल, तर ०.१ मि.मी. ढिलाई आहे असे समजावे.

वीज व सुरक्षितता

साध्या स्टेपर मोटरला आपली जागा स्मरत नाही. वीज गेली की मोजमाप हरवते. म्हणून प्रत्येक अक्षावर मर्यादा स्विच बसवावा आणि वीज परतल्यावर यंत्र आरंभबिंदूवर नेऊनच काम पुढे चालवावे. अर्थिंग पक्के असावे. तातडीने थांबविण्याचे बटण हाताशी असावे व त्याने मोटरांचा पुरवठा थेट तुटावा. डोळ्यांवर चष्मा हवा. फिरत्या कटरजवळ हातमोजे व सैल कपडे नकोत. धातूचा कीस हाताने न काढता ब्रशाने काढावा.

पहिली चाचणी

प्रथम कटर मालाच्या वर उचलून, हवेतच संपूर्ण आज्ञावली चालवावी. नंतर लाकडात एक चौकोन कापून त्याच्या बाजू व कर्ण मोजावेत. फरक आढळल्यास आधी बैठक व जोड पाहावेत, मग आज्ञावली. जवळच्या लेथ कार्यशाळेतील अनुभवी फिटर वा टर्नरचा सल्ला अशा वेळी मोलाचा ठरतो; कारण यंत्र संगणकाने चालले तरी त्याची सरळता माणसाच्या हातानेच साधावी लागते.