मांजराचा इशारा ओळखा

मोठी मांजरे आपापसांत क्वचितच ‘म्याव’ करतात; ती हाक मुख्यतः माणसांसाठी असते. कात्रजच्या आमच्या घरातला बोका शेपटी ताठ उभी करून पायाला अंग घासतो, तेव्हा स्वारी खुशीत असते. पण कान मागे पाडून शेपटी आपटू लागला, की हात आवरावा. माझ्या नातवाला हा इशारा कळला नाही आणि बोका चावला. मी लगेच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुतली व त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन रेबीजची लस सुरू केली. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर इलाज चालत नाही. म्हणून जखम लहान असली तरी हळद-चुना लावून घरी बसू नका. मुलांनाही मांजराची भाषा शिकवा.